शेऱ्याचा रकाना

सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी द्वारकाबाई तिसऱ्या गुंडाळीतल्या एकोणचाळिसाव्या कोंबावर होत्या. टेबलावर ओला कागद उलगडलेला, त्यावर कपाशीच्या शंभर बिया दहा-दहाच्या ओळींत मांडलेल्या. बिया कागदात गुंडाळून उबदार पेटीत ठेवल्याला आज बारावा दिवस होता, म्हणजे निकालाचा. सरळ कोंब एका बाजूला, वाकडे दुसऱ्या बाजूला, कडक राहिलेल्या आणि मेलेल्या बिया तिसऱ्या बाजूला. द्वारकाबाई चिमट्यानं एकेक कोंब उचलून उजेडाला धरत आणि ओठ न हलवता मोजत.

मागे प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णासाहेब हजेरीचं रजिस्टर घेऊन उभे होते. ते बोलले नाहीत. जालना एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीत मोजणी चालू असताना हाक मारायची नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळत. शंभरावी बी झाली, द्वारकाबाईंनी तक्त्यात आकडा टाकला, मग अण्णासाहेबांनी घसा साफ केला.

"द्वारकाबाई, या महिन्यातला हा पाचवा लेट."

"सहावा, साहेब. सोमवारचा तुम्ही लिहिला न्हाई."

अण्णासाहेबांनी रजिस्टर चाळलं. सोमवारचा खरंच राहिला होता. तो लिहून घेताना त्यांना बरं वाटलं नसावं, कारण पुढचं ते खिडकीकडे बघत बोलले. वरून आदेश आला होता. महिन्यात तीनपेक्षा जास्त लेट असलेल्यांना प्रयोगशाळेतून हलवायचं. जागा एकच रिकामी होती, थंड गोदामातली. मे अखेरपर्यंत मी कागद दाबून ठेवतो, तोवर लेट थांबले तर ठीक, त्यापुढं माझ्या हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते निघून गेले. तो जानेवारीचा दुसरा आठवडा होता.

द्वारकाबाईंनी चौथी गुंडाळी उलगडली.

थंड गोदामात बारा अंश तापमान असतं. बियांना ते मानवतं. द्वारकाबाईंच्या बोटांना विसाव्या अंशालाच नको वाटायचं. थंडी लागली की बोटं आधी पांढरी पडायची, मग निळी, आणि पुन्हा रंगावर येताना अशी ठणकायची की डोळ्यांत पाणी यायचं. प्रयोगशाळेची गोष्ट वेगळी. तिथं उगवणीच्या पेट्यांमुळे हवा बारमाही उबदार आणि दमट. त्या खोलीत त्यांची बोटं कामाला राजी असत. म्हणून टेबल जाणं म्हणजे नुसती बदली नव्हती. तिकडं त्या महिनाभरही टिकल्या नसत्या, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सातवी पास बाईला मोजायला दुसरं काय मिळणार होतं?

माहेर केदारखेड्याचं. १९८१ साली लग्न होऊन त्या जालन्यात आल्या. नवरा मच्छिंद्र तेव्हापासून लोखंडाच्या री-रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. द्वारकाबाईंनी सुरुवात केली ती बीजोत्पादनाच्या प्लॉटवर. कपाशीची संकरित बी हातानं तयार होते. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतलं पुंकेसर नखानं अलगद काढायचं, कळीला लाल कागद लावायचा आणि सकाळी दुसऱ्या जातीचं फूल त्यावर फिरवायचं. नख जरा जास्त लागलं की बोंड गळतं. द्वारकाबाईंची बोंडं गळत नसत. १९८९ मध्ये कंपनीच्या एका साहेबानं हे पाहिलं आणि त्यांना प्रयोगशाळेत आणलं.

पुढं त्याच बोटांना दुखणं लागलं. कातडी हळूहळू घट्ट झाली. अंगठी निघेना, मग मूठ वळेना, चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. चार वर्षं संधिवाताची औषधं झाली. शेवटी औरंगाबादच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. अंगाची राखण करणारी फौजच चुकून घरच्यांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. ती कातडीवर उलटते, बोटांतल्या रक्तवाहिन्यांवर उलटते आणि आतड्यांवरही. आतड्यांचे स्नायू सुस्त पडतात, आत आलेलं पुढं सरकत नाही.

"म्हंजे वरून ताठ अन् आतून आळशी," द्वारकाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी ते कबूल केलं.

हातांचं लोकांना दिसे. पोटाचं दिसत नव्हतं, आणि लेट मात्र सगळे पोटापायीच होत होते. कुंडलिका नदीच्या अलीकडे, जुन्या जालन्यात, त्यांचं घर होतं. तीन बिऱ्हाडं आणि एक संडास. एमआयडीसीत जाणारा टेम्पो कोपऱ्यावर सात वाजून वीस मिनिटांनी येई. द्वारकाबाई साडेपाचला आत जात. सहाला पहिलं बिऱ्हाड दार वाजवी, सव्वासहाला दुसरं. बाहेर आल्यावरही काम झालेलं नसे. पोट दगडासारखं, पुन्हा आत जावंसं वाटे, पुन्हा रांग. तेवढ्यात टेम्पो हॉर्न वाजवून निघून जाई. मग मिळेल त्या रिक्षानं, कुणाच्या मोटारसायकलवर, आणि रजिस्टरात लाल शाई.

उपायांना तोटा नव्हता. जावेनं एरंडेल सांगितलं, शेजारणीनं मनुका, मच्छिंद्रच्या मिलमधल्या एकानं कोमट पाण्यात तूप. इसबगोल तर सगळ्यांनीच सांगितलं, आणि त्यानंच सगळ्यात वाईट केलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. साध्या बद्धकोष्ठाला इसबगोल चालतं, पण इथं आतडं ढकलायलाच तयार नाही, त्यात भर घातली की वाट आणखी तुंबते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक गोड पातळ औषध दिलं आणि दिवसाला बारा-तेरा पेले पाणी प्यायला सांगितलं. थोडा फरक पडला. टेम्पो मिळण्याइतका नाही.

सहा लेट लागल्याचं द्वारकाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी बऱ्याच विचारानं आणखी एक गोष्ट काढली. घोट्याजवळून जाणाऱ्या एका नसेला विजेचे हलके झटके द्यायचे. ती नस कमरेत जिथं पोचते, तिथूनच मोठ्या आतड्याच्या शेवटाला हुकूम जातात. परदेशात लघवीच्या तक्रारीला हे करतात, बद्धकोष्ठाला आता कुठं करून बघताहेत. तुमच्या आजारात चालेल की नाही, मला माहीत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. नुकसान मात्र नाही. बारा आठवडे बघा, रोजचं लिहून ठेवा.

जालन्यात नव्या मोंढ्याजवळच्या एका क्लिनिकमध्ये तसं यंत्र होतं. खरं तर दोन होती, आणि दोन्ही गुडघे आणि कंबरदुखीवाल्यांच्या सेवेत. तिथली फिजिओथेरपिस्ट बेबीनंदा. वय सत्तावीस, बोलणं तुकडा पाडल्यासारखं. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, पुस्तकं चाळली, औरंगाबादला फोन करून घोट्यापासून किती बोटं वर ते विचारून घेतलं, आणि मग द्वारकाबाईंना टेबलावर बसवलं.

यंत्र साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, आत चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. दोन तारा, दोन काळ्या रबरी चकत्या. एक चकती घोट्याच्या आतल्या हाडाच्या वर, दुसरी टाचेजवळ. बेबीनंदानं बटण फिरवलं. मुंग्या आल्या, मग पायाचा अंगठा आपला आपण खाली वळायला लागला.

"नस सापडली," बेबीनंदा म्हणाली. "आता थोडं कमी करायचं. अर्धा तास. रोज एकाच वेळेला."

"पोटाला काही लावायचं न्हाई?"

"न्हाई, मावशी. साडीसुद्धा घोट्यापासून चार बोटंच वर सरकवायची."

द्वारकाबाईंना हा उपाय तिथंच अर्धा पटला. यापूर्वीच्या तपासण्यांत त्यांनी जे काय सोसलं होतं, त्यापुढं घोटा म्हणजे काहीच नव्हतं.

मच्छिंद्रला पटायला वेळ लागला. त्याला वीज ठाऊक होती ती मिलमधली, चारशे चाळीसची. बायकोला न्यायला तो क्लिनिकवर आला होता. करंट पायाला लावायचा अन् पोट चालणार, मंग डोकं दुखलं तर कुठं लावायचा, असं त्यानं बेबीनंदाला विचारलं. तुमच्या मिलमध्ये लोखंड एका टोकाला घालता अन् सळई दुसऱ्या टोकाला निघते, तेव्हा तुम्ही असं विचारता का, असं तिनं विचारलं. त्यानं मुकाट चकत्या स्वतःच्या पायाला लावून घेतल्या. अंगठा नाचायला लागल्यावर तो एवढा हसला की बाहेरच्या गुडघेवाल्यांनी आत डोकावून पाहिलं.

चाचणी कशी करायची, ते मात्र द्वारकाबाईंनी ठरवलं. यंत्र घरी नेऊन बारा आठवडे सलग लावायचं, असं बेबीनंदाचं म्हणणं. द्वारकाबाईंनी मान हलवली. प्रयोगशाळेत कोणताही लॉट एकटा तपासत नाहीत, शेजारी ओळखीच्या बियाण्याचा एक 'चेक' ठेवतात. नुसत्या यंत्रानं पोट सुधारलं की उन्हाळा आला म्हणून सुधारलं, हे चेकशिवाय कळणार कसं? त्यांनी सुचवलं की पंधरवडाभर यंत्र, पंधरवडाभर बंद, असे तीन फेरे करायचे. बंदच्या पंधरवड्यात यंत्र क्लिनिकला परत येणार होतं, गुडघेवाल्यांची बोलणी कमी होणार होती. बेबीनंदानं होकार दिला.

"अन् काही वेगळं घडलं तर शेऱ्यात लिहा," तिनं बजावलं.

द्वारकाबाईंनी दोनशे पानी वही घेतली आणि उगवणीच्या तक्त्यासारखी आखली. तारीख, यंत्र लावलं की नाही, संडासात गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, निकाल. निकालात एक किंवा शून्य. कुंथावं न लागता पोट साफ झालं तर एक, नाहीतर शून्य. शेवटचा रुंद रकाना शेऱ्याचा. पट्टीनं मारलेल्या रेघा, एकही वाकडी नाही.

याच सुमाराला घरात आणखी एक उपाय सुरू झाला. सासू चांगुणाबाई, वय एकाहत्तर, राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेल्या आणि येताना नवस बोलून आल्या. सुनेचं पोट मोकळं होऊ दे, ती वर्षभर संकष्टी चतुर्थी निर्जळी धरील. हे त्यांनी घरी आल्यावर, चपला काढता काढता सांगितलं. नवस सासूचा आणि उपास सुनेचा, यात घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मच्छिंद्रनं फक्त एवढंच म्हटलं की आईनं नवस बोलताना आपलं नाव कधी घातल्याचं त्याला आठवत नाही. द्वारकाबाईंनी उपास धरला. चांगुणाबाईंशी वाद घालण्यापेक्षा उपास लवकर संपतो.

चतुर्थीला त्या चंद्र उगवेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. गोड औषध उपासाला चालतं की नाही, हे कुणालाच माहीत नसल्यानं तेही त्या दिवशी टाळत. चंद्र दिसला की साबुदाण्याची खिचडी.

बारा आठवडे संपले. एप्रिलच्या मध्याला, रविवारी, द्वारकाबाई वही घेऊन क्लिनिकवर गेल्या. बेबीनंदानं बेरीज केली, मग द्वारकाबाईंनी केली. यंत्राच्या बेचाळीस दिवसांत सोळा वेळा एक. बंदच्या बेचाळीस दिवसांत पंधरा वेळा.

"फरक न्हाई, मावशी."

"न्हाईच," द्वारकाबाई म्हणाल्या.

दुसरं कुणी असतं तर दोन-चार शून्यांचे एक केले असते. रोजच्या वहीला साक्षीदार कोण? पण सतरा वर्षांत द्वारकाबाईंनी एका लॉटचा एक कोंब वाढवला नव्हता. एकदा व्यापाऱ्याच्या माणसानं टेबलाजवळ उभं राहून चौऱ्याहत्तरचे पंचाहत्तर करा, एकानं काय होतं, असं सुचवलं होतं. पंचाहत्तरला बियाणं पास होतं. त्याला त्यांनी चिमटा दिला आणि पंचाहत्तरावा कोंब तुम्हीच उगवून दाखवा म्हणाल्या.

फरक दिसला तर घरी न्यायला म्हणून काढून ठेवलेल्या यंत्राच्या त्यांनी तारा गुंडाळल्या, चकत्या पुसल्या, ते पिशवीत घातलं आणि टेबलावर ठेवलं. बाकावर रखमाजी नावाचे एक गृहस्थ गुडघा चोळत त्याच यंत्राची वाट बघत होते. हातात दीड महिना उरला होता. पुढं गोदाम.

वहीची नक्कल औरंगाबादला पाठवायची म्हणून बेबीनंदा पानं उलटत होती. शेवटचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.

"शेरा का न्हाई लिहिला काही?"

"तो तुमचा हाय ना."

"माझा कसा?"

द्वारकाबाईंना प्रश्नच कळला नाही. प्रयोगशाळेत शेऱ्याचा रकाना साहेबाचा असतो. मोजणाऱ्यानं मोजायचं, शेरा अधिकाऱ्यानं मारायचा. मागं एका नव्या मुलीनं तिथं 'बी जुनं वाटतं' असं लिहिलं होतं, तर तिला उभं करून झाडलं होतं. सतरा वर्षांत त्या रकान्याला द्वारकाबाईंचं पेन लागलं नव्हतं. इथं त्यांनी तो रुंद आखून ठेवला होता तो बेबीनंदासाठी किंवा डॉक्टरांसाठी, सवडीनं भरायला.

बेबीनंदानं कपाळावर हात मारला नाही, पण मारण्याच्या बेतात होती. तिनं रखमाजींना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि पेन उघडलं.

"मंग आता मी विचारते, तुम्ही सांगा. हे बघा, इथं यंत्र चालू हाय, चार दिवस बरे गेले, अन् मंग सहा दिवस सरळ शून्य. सुरू झालं त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"काही न्हाई."

"आठवत न्हाई का?"

"आठवतं ना. काही न्हाई खाल्लं. चतुर्थी होती."

"पाणी?"

"निर्जळी धरते मी."

बेबीनंदानं पेन खाली ठेवलं. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात चतुर्थी नव्हती. गुडघ्याच्या रुग्णांकडून उपास करता का हे विचारायची कधी वेळ आली नव्हती. आणि द्वारकाबाईंच्या लेखी उपास म्हणजे देवाचं, यंत्र म्हणजे डॉक्टरचं. दोन्ही एकाच पोटात जातात, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. दोघींनी वही त्याच्याखाली धरली. पहिल्या फेऱ्यात चतुर्थी यंत्राच्या पाचव्या दिवशी आली होती, दुसऱ्या फेऱ्यात सातव्या, तिसऱ्यात आठव्या. फेरा अठ्ठावीस दिवसांचा आणि चतुर्थी येते एकोणतीस-तीस दिवसांनी, त्यामुळे तिन्ही वेळा ती यंत्राच्याच पंधरवड्यात पडली होती. बंदच्या पंधरवड्यात एकदाही नाही. प्रत्येक चतुर्थी आणि तिच्यानंतरचे पाच दिवस मिळून अठरा दिवस झाले, आणि त्या अठरांत एक फक्त एकदा.

द्वारकाबाई पुटपुटत उरलेले दिवस मोजत होत्या. चोवीस दिवस, पंधरा वेळा एक. बंदमध्ये पंधरालाच बेचाळीस दिवस लागले होते.

"ही गुंडाळी बुरशीची हाय," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत एका लॉटच्या चार गुंडाळ्या असतात. त्यांतली एक बाकीच्यांपासून ठराविक हद्दीपेक्षा जास्त हटली, तर चौघींची सरासरी काढत नाहीत. पाणी कमी पडलं असेल, बुरशी शिरली असेल, म्हणून चाचणी पुन्हा लावतात. ती मेहेरबानी नाही, नियम आहे. द्वारकाबाईंनी तो बेबीनंदाला सांगितला, बेबीनंदानं डॉक्टरांना फोनवर. यानं सिद्ध काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एका माणसाचे चोवीस दिवस म्हणजे फार थोडे. पण सुस्त आतड्याला दिवसभर पाणी तोडलं आणि औषध चुकवलं, तर आठवडा वाया जाणारच, एवढं नक्की. अठ्ठावीस दिवस सलग यंत्र, उपास नाही, आणि शेऱ्याचा रकाना भरलेला, असं पुन्हा करा.

रखमाजींना दुसऱ्या यंत्रावर सकाळची वेळ मिळाली. अडचण उरली ती घरातली. पुढची चतुर्थी आठ दिवसांवर होती, आणि नवस अजून नऊ महिन्यांचा बाकी होता.

द्वारकाबाईंनी त्या संध्याकाळी चांगुणाबाईंसमोर जेवणाचं ताट उपडं मांडलं आणि त्यावर सरकीचे दोन ढीग केले. चांगुणाबाईंना वाचता येत नव्हतं, बी ओळखता येत होती. हे उपास नसलेले चोवीस दिवस, यातल्या पंधरा बिया उगवल्या. हे उपासाचे अन् त्यामागचे अठरा, यातली एक. चांगुणाबाईंनी दुसऱ्या ढिगात बोट फिरवलं, जणू एखादी राहिली असेल.

"म्हंजे म्या देवापुढं बोलले त्यानं तुझी वाट अडली, असं म्हणायलीस?"

"देवानं न्हाई अडवली, आत्याबाई. उपासानं अडवली."

"उपास कुणाचा?"

"माझा."

"अन् नवस?"

"तुमचा."

मच्छिंद्र दाराशी बसून बूट पुसत होता. त्यानं हात थांबवला. आजारी सुनेचा किंवा बाळंतिणीचा उपास घरातल्या थोरलीनं अंगावर घेण्याची रीत त्यांच्या घराला नवी नव्हती. मच्छिंद्रच्या वेळी खुद्द चांगुणाबाईंचे सोमवार त्यांच्या सासूनं धरले होते. प्रश्न एवढाच होता की हे आधी कुणी बोलायचं. सुनेनं बोललं तर तो उद्धटपणा, लेकानं बोललं तर बायकोचा पक्ष.

"मंग उपास बी माझाच बराबर," चांगुणाबाई म्हणाल्या. "तू तुझं मशीन धर, चतुर्थी मी धरते. राजूरला जाऊन तसं सांगून येते."

"निर्जळी?" मच्छिंद्रनं विचारलं.

"म्हातारीला निर्जळी सांगायला देवाला काय वय कळत न्हाई का माझं?"

त्या पुढच्याच एसटीनं राजूरला गेल्या आणि नवसात दुरुस्ती करून आल्या. निर्जळी तेवढी वगळली. चतुर्थीला त्या दुपारी खिचडी, संध्याकाळी दाण्याची आमटी आणि भगर घेतात, आणि उपास कसा गेला असं विचारलं तर जड गेला म्हणतात.

चाचणी पुन्हा लागली. द्वारकाबाई पहाटे उठत, चकत्या लावत, अर्धा तास भाजी निवडत बसत. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला त्यांना पहिले चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'पाणी दहा पेले, दोन कमी.' मग पेनानं. एकदा 'लग्नात बुंदी.' एकदा 'टेम्पो पंक्चर, पोटाचा संबंध नाही.' बेबीनंदा दर रविवारी वही बघे आणि खाली सही करी. द्वारकाबाईंना त्या सहीचं समाधान वाटे. शेरा आपण लिहिला असला तरी साहेबानं बघितला.

अठ्ठावीस दिवसांत सतरा वेळा एक आला. बेबीनंदानं वर्तमानपत्रातला आकडा वाचल्यासारखा तो वाचून दाखवला. सतरा म्हणजे अठ्ठावीस नव्हे. अकरा दिवस अजून पूर्वीसारखेच जात होते, त्या दिवशी दार वाजायचंच. पण त्यातलेही बहुतेक दिवस सातच्या आत आटोपत, हे वेळेच्या रकान्यांत दिसत होतं. यंत्रानं किती केलं, पाण्यानं किती, उपास सुटल्यानं किती, हे वेगळं काढता येणार नाही, असं डॉक्टरांनी पत्रात लिहिलं. पुढं सुरू ठेवायला हरकत नाही, असंही लिहिलं. बोटांबद्दल पत्रात काही नव्हतं. बोटं होती तशीच होती, हिवाळ्यात पुन्हा निळी पडणार होती.

मेच्या एकतीस तारखेला अण्णासाहेबांनी खणातून दाबून ठेवलेला कागद काढला आणि रजिस्टर उघडलं. द्वारकाबाई समोर उभ्या होत्या. मोजणी संपलेली होती.

"मे महिन्यात शून्य लेट," अण्णासाहेब म्हणाले.

"एक हाय, साहेब. टेम्पो पंक्चर झाल्ता. तुम्ही त्या दिवशी रजेवर गेल्ते."

अण्णासाहेबांनी पेन उचललं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि तो एक लिहिला. मग बदलीचा कागद मधोमध फाडला. थंड गोदामातल्या जागेवर पुढच्या आठवड्यात वसंता नावाचा एक जण आला. त्याला थंडी आवडते. उन्हाळ्यात तो जेवायलाही बाहेर येत नाही.

क्लिनिकनं तिसरं यंत्र मागवलं, त्यामुळे द्वारकाबाईंकडचं त्यांच्याकडेच राहिलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी आणखी दोघांना बेबीनंदाकडे पाठवलं. त्यातल्या एका बाईला, तीही जालन्याचीच, काही फरक पडला नाही आणि तिनं महिन्यात यंत्र परत केलं. दुसऱ्याचं अजून चालू आहे. दोघांच्याही वह्या द्वारकाबाईंनी आखून दिल्या आणि शेऱ्याचा रकाना कुणी भरायचा, ते वरच्या ओळीत लिहून दिलं.

उद्या त्यांच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे. नळ सव्वासहाला येतो आणि पाऊण तास चालतो, तेव्हा त्याआधीच सगळं आटोपून भांडी भरायला हात मोकळे हवेत. म्हणून द्वारकाबाई उद्या चकत्या रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी, चार वाजून पन्नास मिनिटांनी लावणार आहेत.